जबड्याचा सांधा नेमका कुठल्या प्रकारात बसवायचा?

प्रश्न विचारणारे सर सहावीला विज्ञान शिकवतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: सांध्यांचे तीन प्रकार शिकवायचे होते, बिजागरीचा, उखळीचा आणि सरकता. जबड्याचा सांधा बिजागरीचा, असं त्यांनी वर्गात सांगितलं. त्यावर एका मुलीने कानापुढे बोट ठेवून तोंड उघडलं आणि म्हणाली, "सर, इथलं हाड तर पुढे पळतंय." घरी जाऊन सरांनी शोधलं, तर एका ठिकाणी 'हिंज' लिहिलेलं, दुसरीकडे 'कंडिलर', तिसरीकडे उच्चारताही न येणारा एक लांबलचक शब्द. मग खरं काय? आणि जाता जाता त्यांनी हेही विचारलंय की त्यांचा स्वतःचा जबडा डाव्या बाजूला टक वाजतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का.

सर, मी चोवीस वर्षं तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतोय, आणि त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिने जे केलं तेच मी रोज प्रत्येक पेशंटवर पहिल्यांदा करतो. कानापुढे बोट ठेवतो आणि म्हणतो, "हळूच आ करा."

तुमची खरी अडचण तीनपैकी कुठला प्रकार निवडायचा ही नाही. ते प्रकार 'दोन हाडं, एक सांधा, एक हालचाल' असं गृहीत धरून केलेले आहेत. कोपर त्यात नीट बसतं, खांदाही बसतो. जबड्याच्या सांध्यात मात्र दोन हाडांच्या मध्ये तिसरा एक भाग आहे आणि त्याच्या वर एक हालचाल होते, खाली दुसरी. एकाच खोक्यात बसवायला गेलं की निम्मा सांधा बाहेर राहतो.

आधी बोटांनीच बघा. दोन्ही तर्जन्या कानाच्या छिद्रापुढच्या त्या मऊ टोकाच्या साधारण एक सेंटीमीटर पुढे ठेवा आणि अगदी सावकाश तोंड उघडा. सुरुवातीला बोटाखालचं हाड जागच्या जागी फिरल्यासारखं वाटेल. ही झाली बिजागरी. समोरच्या दातांमध्ये दोन-अडीच सेंटीमीटर अंतर पडलं की हाड एकदम पुढे आणि खाली निसटतं आणि बोटाखाली खळगा जाणवतो. हे झालं सरकणं. तोंड मिटलं की खळगा पुन्हा भरतो. प्रत्यक्षात या दोन हालचाली थोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण बोटाला फरक स्पष्ट कळतो.

आता आतली रचना. खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला गोलसर डोकं असतं, त्याला आम्ही कंडाइल म्हणतो. ते चेंडूसारखं गोल नसतं. आडवं 15 ते 20 मिलिमीटर रुंद, पुढून मागे मात्र 8 ते 10 मिलिमीटरच. लाटण्याचा छोटा आडवा तुकडा ठेवल्यासारखं. वर कानशिलाच्या हाडात त्याच्यासाठी खळगा आहे आणि खळग्याच्या पुढे लगेच एक उंचवटा. कोरडी कवटी हातात घेतलेला प्रत्येक विद्यार्थी हे डोकं त्या खळग्यात बसवतो आणि म्हणतो, उखळीचा सांधा. मीही पहिल्या वर्षी तेच म्हणालो होतो.

माझ्या टेबलावर शिकवण्यासाठी एक कवटी असते. विद्यार्थी आले की तिचा हा खळगा मी दिव्यासमोर धरतो. खळग्याच्या छतातून उजेड आरपार दिसतो, इतकं ते हाड पातळ असतं. त्याच्या पलीकडे मेंदू. ज्या छतातून उजेड दिसतो त्यावर सुपारी फोडण्याचा जोर पडत असेल का? नाहीच पडत. जोर येतो तो पुढच्या उंचवट्याच्या मागच्या उतारावर, तिथलं हाड जाड आणि दणकट आहे. म्हणजे डोकं खळग्यात खुंटीसारखं रुतून बसलेलं नाही, ते उताराला टेकलेलं आहे. आणि दोघांच्या मध्ये एक चकती आहे, जी कोरड्या कवटीत कधीच दिसत नाही, कारण ती हाडाची नसते. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

ही चकती चिवट तंतूंची, मध्ये पातळ आणि कडांना जाड. मधला भाग जेमतेम एक मिलिमीटर, मागची कड तीनेक मिलिमीटर. मधल्या भागात रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, म्हणून तिथे दाब आला तरी दुखत नाही. चकतीच्या मागची मऊ गादी मात्र रक्तवाहिन्यांनी आणि नसांनी भरलेली असते. चकती जागेवरून सरकली की दाब त्या गादीवर येतो आणि माणूस कळवळतो. चकतीची डावी-उजवी टोकं कंडाइलला छोट्या अस्थिबंधांनी घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे कंडाइल पुढे गेलं की चकती टोपीसारखी त्याच्याबरोबर जाते.

या चकतीमुळे सांधा दुमजली होतो. खालच्या मजल्यावर कंडाइल चकतीखाली फिरतं, बिजागरीसारखं. वरच्या मजल्यावर चकती आणि कंडाइल मिळून उंचवट्याच्या उतारावरून पुढे घसरतात. दोन्ही मजल्यांत वंगणाचा द्रव वेगवेगळा, एकातलं दुसऱ्यात जात नाही. वर्गात सांगायचं असेल तर मी म्हणेन, सरकत्या पाटावर बसवलेली बिजागरी.

आता त्या नावांकडे येऊ. सगळी बरोबर आहेत, फक्त प्रत्येक नाव वेगळ्या खिडकीतून बघतं. आत वंगणाचा द्रव आहे म्हणून 'सायनोव्हियल'. हाडाच्या टोकाचा आकार बघितला तर 'कंडिलर'. हालचाल बघितली तर तो लांबलचक शब्द, 'जिंग्लिमोआर्थ्रोडियल'. ग्रीकमध्ये जिंग्लिमस म्हणजे बिजागरी आणि आर्थ्रोडिया म्हणजे सरकता सांधा, दोन्ही जोडून एक नाव केलंय. मध्ये चकती आहे म्हणून काही जण 'कॉम्प्लेक्स' म्हणतात, तर काही जण चकतीला तिसरं हाडच धरून 'कंपाउंड'. परीक्षेत विद्यार्थ्यांची भांडणं होतात ती या शेवटच्या दोन शब्दांवरून, आणि ती खरं तर ज्याच्या-त्याच्या व्याख्येची आहेत.

अजून एक वेगळेपण नावात येत नाही. गुडघा, खांदा अशा सांध्यांत हाडांच्या टोकावर काचेसारखी गुळगुळीत कूर्चा असते. जबड्याच्या सांध्यात तिच्याऐवजी तंतुमय आवरण असतं, जास्त चिवट आणि झीज झाली तरी स्वतःला बऱ्यापैकी सावरून घेणारं. पेशंटला "तुमचा सांधा झिजलाय" असं सांगताना मी म्हणूनच घाई करत नाही. एक्स-रेमध्ये कंडाइल सपाट दिसतं आणि माणूस आनंदाने भाकरी चावत असतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक सांगतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिलेत. बोटं, मनगट, घोटा, गुडघा, कोपर हे सगळे 'कोर' या एका प्रकारात. काख, जांघ आणि दात 'उलूखल', म्हणजे आपलं उखळच. जबड्याच्या दोन्ही बाजूंना मात्र कोपर-गुडघ्यांच्या रांगेत बसवलेलं नाही. त्यांना स्वतंत्र प्रकार दिलाय: 'वायसतुंड', कावळ्याची चोच. मला हे फार आवडतं. आणि योगायोग बघा, कंडाइलच्या पुढेच जबड्याला जे टोकदार हाड असतं त्याला आम्ही कोरोनॉइड म्हणतो, तो शब्दही ग्रीकमधल्या कावळ्यावरूनच आलाय.

इतर कुठल्याही सांध्यात नाहीत अशा दोन गोष्टी अजून आहेत. पहिली म्हणजे हे दोन सांधे असून एक आहेत. खालचा जबडा हे एकच सलग हाड, त्याचं एक टोक उजव्या कानापुढे, दुसरं डाव्या. एकाच जुवाला जुंपलेले दोन बैल. उजवा थांबला तर डावा एकटा सरळ जाऊ शकत नाही, गाडी वळते. उजव्या दाढेने चावताना उजवं कंडाइल जवळजवळ जागीच फिरतं आणि डावं पुढे, खाली, आतल्या बाजूला सरकतं. म्हणून मी आधी पेशंटची हनुवटी बघतो. तोंड उघडताना ती ज्या बाजूला वळून तिथेच राहते, बहुतेक वेळा त्याच बाजूचा सांधा अडलेला असतो, मग दुखणं पेशंट कुठेही सांगो.

दुसरी म्हणजे दात. कोपर सरळ करताना कुठे थांबायचं हे हाडं आणि अस्थिबंध ठरवतात. जबडा मिटताना कुठे थांबायचं हे दात ठरवतात. वरचा दात खालच्या दाताला लागला की सांधा थांबला. दाढेत भरलेलं सिमेंट थोडं उंच राहिलं तर काही जणांचा जबडा चावण्यासाठी वेगळी वाट शोधतो आणि मग स्नायू दुखायला लागतात. सगळ्यांचा नाही, काही जण जुळवून घेतात. कोणाचं कसं होईल हे आधी सांगता येत नाही.

मुलांना जनावरांची उदाहरणं भावतील. कुत्र्या-मांजराचा जबडा जवळजवळ शुद्ध बिजागरी आहे. आडवा दंडगोल, मागून हाडाच्या कडेने पकडलेला. आडवं चावता येत नाही, कापता येतं. म्हैस रवंथ करताना बघा, तिचा जबडा आडवा फिरतो, सांधा सपाट आणि सैल. उंदराचा पुढे-मागे पळतो, कुरतडण्यासाठी. माणूस सगळं खातो म्हणून त्याला सगळ्यातलं थोडं थोडं मिळालंय. तान्ह्या बाळात तो उंचवटा जवळजवळ नसतोच, सांधा सपाट असतो; दात येतील, चावणं सुरू होईल तसा तो घडत जातो.

इथवरचं थोडक्यात: खाली फिरणं, वर सरकणं, मध्ये चकती, दोन बाजू मिळून एक सांधा, आणि थांबा दातांचा. आता हे सगळं दवाखान्यात कामाला कसं येतं ते सांगतो. 'दुमजली' ही निव्वळ शिकवण्यासाठी जुळवलेली उपमा नाही, ती मोजपट्टीवर दिसते.

एक बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, सहा-सात महिने डाव्या बाजूला टक वाजायचं. परवा सकाळपासून आवाज बंद झाला, पण तोंडच उघडेना." मी पट्टी लावली. 26 मिलिमीटर. हनुवटी डावीकडे वळत होती. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं. मग नेमकं 26 ला का अडलं? चकती कंडाइलच्या पुढे घसरून तिथेच अडकली होती. वरच्या मजल्यावरचं सरकणं बंद. खालच्या मजल्यावरची बिजागरी मात्र शाबूत, आणि ती एकटी तेवढंच उघडून देते. टक वाजायचं तेव्हा कंडाइल चकतीच्या जाड मागच्या कडेखालून उडी मारून आत शिरत होतं. आता उडीच बसत नव्हती, म्हणून आवाजही नव्हता. आवाज गेला म्हणजे बरं झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथे उलट झालं होतं.

त्यांना आधी आठ-दहा दिवस मऊ खाणं, शेक, औषध आणि व्यायाम दिले. फरक पडला नाही, तेव्हा सुयांनी सांधा धुतला. कुठला मजला धुतला? वरचा. दोन सुया वरच्या पोकळीत घालून सलाइनने धुवायचं आणि मग हळूच जबडा पुढे ओढायचा. त्याच दिवशी 37 मिलिमीटर मिळालं. सगळ्यांना इतका पटकन फरक पडतो असं नाही. किती दिवस अडलेलं आहे, सांध्यात सूज किती, रात्री दात खाण्याची सवय आहे का, यावर ते ठरतं. पुष्कळांना सुयांची गरजही पडत नाही.

जबडा निखळतो तेव्हाही सगळं त्या उंचवट्यावर येतं. मोठी जांभई दिली, कंडाइल उंचवट्याच्या माथ्यावरून पलीकडे उतरलं आणि चावण्याचे स्नायू आवळून बसले. आता तोंड मिटत नाही, लाळ गळते, माणूस घाबरून हातवारे करतो. नातेवाईक हनुवटी वर ढकलायला बघतात. ती वर जाणारच नाही, वाटेत गतिरोधकासारखा उंचवटा आहे. आधी जबडा खाली दाबायचा, मग मागे ढकलायचा. पेशंटला खाली बसवून, अंगठ्यांना गॉज गुंडाळून खालच्या दाढांवर दाब द्यायचा, आणि बाकीच्या बोटांनी हनुवटीकडून उचलायचं. बसला की खटकन मिटतं, म्हणून तो गॉज. हे घरी करू नका. स्नायू इतके आवळलेले असतात की कधी कधी आम्हालाही भूल द्यावी लागते.

आपल्या भागात एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. "जबड्याचा सांधा धरलाय, तोंड उघडत नाही" म्हणून येणाऱ्या तरुणांपैकी कितीतरी जणांचा सांधा पूर्ण निरोगी असतो. गालाला आतून बोट लावलं की कातडी चामड्यासारखी ताठ, पांढुरकी लागते. हा गुटखा-सुपारीचा परिणाम. तिखट लागलं की आग होते का, हा माझा पहिला प्रश्न. या आजारात सांध्यावर कितीही उपचार केले तरी तोंड उघडणार नाही, आणि यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून सुपारी त्या दिवसापासून बंद. तुमच्या शाळेतली मोठी मुलं सुपारीच्या पुड्या खात असतील तर त्यांना हे नक्की सांगा.

आणि एक मुलगी माझ्या मनातून जात नाही. दहा वर्षांची. तोंड चार मिलिमीटर उघडायचं. दातांच्या फटीतून पेज आणि डाळीचं पाणी आत ढकलून जगत होती. हनुवटी लहान राहिलेली, मागे गेलेली, झोपेत जोरात घोरायची. हनुवटीखाली एक जुना व्रण होता. आईने सांगितलं, चार वर्षांची असताना ओट्यावरून पडली, हनुवटी फुटली, एका दवाखान्यात टाके घातले, "मग बरी झाली." टाके नीट घातले होते. पण हनुवटीवर पडलेला मार तिथेच राहत नाही, जबड्याच्या हाडातून थेट दोन्ही कानांपुढे पोहोचतो. कंडाइलची मान बारीक असते, ती मोडते. लहान मुलात तिथे रक्त साठलं, दुखतं म्हणून मुलाने तोंड उघडलं नाही, की हळूहळू सांधा हाडाने भरून जातो. दुमजली सांध्याचा एकच दगड होतो. या जुळलेल्या सांध्यांचंही वर्गीकरण आहे, आपल्याकडे 1986 चं सॉहनी यांचं चार प्रकारांचं जास्त वापरलं जातं: चिकटण्यापासून पूर्ण हाडाचा ठोकळा होण्यापर्यंत. ती मुलगी चौथ्या प्रकारात होती. शस्त्रक्रिया झाली, ठोकळा काढला, कानशिलाच्या स्नायूचा पडदा मध्ये घातला. पण खरी लढाई नंतरची. महिनोन्‌महिने रोज तोंड उघडण्याचे व्यायाम, रडत रडत. तिच्या आईने एकही दिवस चुकवला नाही.

म्हणून मुलं शाळेत पडली आणि हनुवटी फुटली, तर टाक्यांबरोबर कानापुढे दाबून दुखतंय का, तोंड पूर्ण उघडतंय का, हे बघायला सांगा. आठवडाभराने पुन्हा बघा.

आता फळ्यावर काय लिहायचं? ते कोण विचारतंय त्यावर आहे. सहावीच्या पेपरात 'जबड्याचा सांधा: बिजागरीचा' असं उत्तर अपेक्षित असेल तर मुलांचे गुण घालवू नका. पण वर्गात सांगताना 'बिजागरी आणि सरकता, दोन्ही' असं सांगा आणि सगळ्यांना कानापुढे बोटं ठेवायला लावा. पुढे डॉक्टर होणाऱ्यांना तो लांब शब्द भेटेलच, तेव्हा तो पाठ करावा लागणार नाही.

तुमच्या डाव्या बाजूच्या टकबद्दल. दुखत नसेल, तोंड अडकत नसेल, तर टक वाजण्यावर काही करायची गरज नसते. कितीतरी लोकांचा जबडा आयुष्यभर वाजतो आणि पुढे काहीही होत नाही. आवाज घालवण्यासाठी डेंटिस्टकडून दात घासून कमी करून घेऊ नका, दातांवर बसवायची खर्चीक प्लेट लगेच करून घेऊ नका. तुमची स्वतःची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. जात असतील तर निश्चिंत असा. वर्गात मोठ्याने बोलण्याचं काम तुमचं, त्यामुळे दिवसभरात दात एकमेकांवर दाबून ठेवता का, तेवढं लक्षात घ्या. ओठ मिटलेले असले तरी दात सुटे हवेत. आणि कधी आवाज अचानक थांबून तोंड कमी उघडायला लागलं, किंवा कानापुढे दुखायला लागलं, तर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. जाताना आरशात बघून हनुवटी कुठल्या बाजूला वळते तेही लिहून न्या.